दादाचा दगड आणि वहिनीचा शेरा

वहिनीशी माझं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको.

बाई उल्कांची वर्गवारी करायची. बर्फावरून आणलेला दगड कापायचा, कपचीची कागदाहून पातळ चकती घासायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि दगडाचं कूळ ठरवायचं. घरी आलेल्या पाहुण्यांकडेही ती तशीच बघायची.

दादा, म्हणजे माझा सख्खा भाऊ, ध्रुवावरच्या मोहिमांवर जायचा. एकदा तंबूत कुडकुडून त्याने लिंबाएवढा काळाकुट्ट दगड आणला. कार्बनी कोंड्राइट, उल्कांची एक दुर्मीळ जात. दिसायला कोळसा, आत खसखशीहून बारीक गोल दाणे आणि पृथ्वीहून जुनी, पाणी मुरलेली माती. दगड नवा ठरला तर पुढच्या मोहिमेचा प्रमुख दादा, नाहीतर मोहीम जाणार दुसऱ्या एका तुकडीच्या म्होरक्याकडे. आणि तो तपासायला गेला कुणाकडे? बायकोकडे!

"नवा नाही हा," जेवताना तिने भाजी वाढावी तसं सांगितलं. "त्या दुसऱ्या तुकडीला मागे सापडला, त्याच दगडाचा तुकडा. दाणे तेच, माती तीच, जागाही शेजारचीच."

"आणि माझ्या दगडावरचा पांढरा थर? त्यांच्या दगडावर आहे?"

"तो क्षार आहे. आभाळातून नाही आला, इथल्या ओलीने उगवलाय."

"दाखव सिद्ध करून!"

तिने दाखवलं. एका कपचीवरचा थर ब्रशने झाडला आणि कपची दमट हवेत ठेवली. काही आठवड्यांनी थर परत हजर! आम्हा दोघांना प्रयोगशाळेत बोलावून, सगळ्या मदतनिसांसमोर म्हणते कशी, "घ्या, तुमचं वेगळेपण पुन्हा उगवलं!"

मदतनीस खुसखुसले. दादाचा चेहरा उतरला. मी रसायनशास्त्र शिकलेली, मला तिचं पटलं. पण नवऱ्याची अशी चारचौघांत शोभा?

"शेऱ्यात नुसतं 'तोच दगड असण्याची शक्यता आहे' असं लिही," दादाने घरी विनवलं. "एवढंच."

"शक्यता नाही, खात्री आहे."

मी तिला सुनावलं, "वहिनी, दगड आभाळातून आणखी पडतील. नवरा पडणार नाही."

"पडलाच तर त्याचंही कूळ ठरवेन, वन्सं."

शेरा गेला: 'तोच दगड'. मोहीमही गेली, त्या म्होरक्याकडे. दादा गादी गुंडाळून माझ्याकडे आला आणि बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला. त्याची कटकटही काही कमी नव्हती.

एका दुपारी वहिनी दारात उभी. "चला घरी."

"आधी तो शेरा बदल," दादा भिंतीकडे बघत म्हणाला.

"तो दगड बदलला की बदलते."

दादा हलला नाही. ती जिना उतरू लागली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. दार लावलं, तेही तिला ऐकू जाईल असं.