अंगाला न लागलेलं ऊन

सई आणि निनाद, तुमचा मामेभाऊ सोहम आता तीन वर्षांचा होईल. व्हिडिओ कॉलवर तो उशीला टेकूनच बसलेला असतो, बोलत नाही, हे तुम्ही पाहिलं आहे. आजवर तुम्ही विचारलंत की आम्ही "जरा अशक्त आहे" एवढंच सांगून विषय बदलत आलो. सई, आता तुला पाचवा महिना लागला आहे, म्हणून मी, तुमची आजी, सगळं नीट लिहून काढते. तुला घाबरवायला नाही. जे आम्हाला वेळेवर माहीत नव्हतं, ते तुला माहीत असावं एवढंच.

संभाजीनगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं, तेव्हा सोहमला जन्मून काही तासच झाले होते. उभ्या उभ्याच ते म्हणाले, "एचआयई आहे. हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफलोपथी." मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. तिन्ही शब्दांची फोड मला करता येत होती, तरी म्हणजे काय, हे मीच विचारलं. मग त्यांनी सोप्या शब्दांत सांगितलं: जन्माच्या वेळी बाळाच्या मेंदूला पुरेसं रक्त आणि ऑक्सिजन मिळाला नाही, त्यामुळे मेंदूला इजा झाली आहे. किती झाली, ते आज कोणीच सांगू शकणार नाही.

तुमची मामी वैशाली बाळंतपणाला माहेरी, पिंपळगाव रेणुकाईला गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. त्यावर कुणी वेगळा विचार करत नाही, आम्हीही केला नाही. तालुक्याच्या एका लहान दवाखान्यात तिच्या कळा लांबल्या, बाळाचे ठोके मंदावले. बाळ बाहेर आलं ते रडलंच नाही. तिथल्या डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरून रबरी पिशवीने श्वास दिला आणि ॲम्ब्युलन्सने पुढे संभाजीनगरला पाठवलं. मी आणि तुमचा महेशमामा अंबडहून निघून पोचलो, तेव्हा वैशालीची आई, कौसाबाई, दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या होत्या.

उपचार होता थेराप्युटिक हायपोथर्मिया. म्हणजे बाळाचं अंग नेहमीपेक्षा तीन-चार अंशांनी मुद्दाम गार ठेवायचं, म्हणजे मेंदूची पुढची हानी कमी होते. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं आणि तीन दिवस चालतं. आम्ही जेमतेम वेळेत होतो. महेशने सही केली.

"गार?" कौसाबाई म्हणाल्या. "आधीच निळं पडलेलं लेकरू, अन् त्याला गार करून राह्यले?"

त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? पिंपळगावात त्यांच्या गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या पायांवर न्हाली आहेत. बाळ जन्मलं की कौसाबाईंना बोलावणं यायचं. तेल, कढत पाणी, शेगडीचा शेक. बाळ ऊबदार ठेवायचं, हे एवढं एकच त्यांना आयुष्यभर पक्कं ठाऊक होतं.

आत एका वेळी एकालाच सोडत. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या आणि थोड्याच वेळात सिस्टर त्यांना दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. कौसाबाईंनी आपले तळवे घासून गरम केले होते आणि बाळाच्या पायांना लावत होत्या.

"आजी, मशीन गार करून राह्यली, तुम्ही शेकून राह्यल्या," सिस्टर म्हणाल्या. "त्यानं ऐकावं कोणाचं?"

"मशीनला आई हाय का? तिला काय कळतंय?"

"मशीनला न्हाई, मला आहे. ती म्हणती, डॉक्टरचं ऐकत जा."

त्या वेळी मलासुद्धा हसू आलं. कौसाबाईंना नाही आलं.

त्याच दुपारी सोहमला झटके आले. हात एका लयीत हलत, ओठ चोखल्यासारखे. याला नवजात बाळाचे सीझर्स म्हणतात आणि ते इतके बारीक असतात की आम्हाला तो स्वप्न बघतोय असं वाटलं. रक्तात कॅल्शियम कमी निघालं, म्हणून डॉक्टरांनी आणखी एक तपासणी केली: बाळाचं आणि आईचं व्हिटॅमिन डी. दोघांचंही अगदी कमी होतं. कॅल्शियम अंगी लागायला हे व्हिटॅमिन लागतं. शरीर ते मुख्यतः उन्हातून तयार करतं, आणि पोटातल्या बाळाला ते आईकडूनच मिळतं. आईकडे नसेल तर बाळाकडे कुठून येणार?

कौसाबाईंना ते पटेना. "साहेब, आमच्या गावाला ऊन न्हाई म्हणता का? पार कातडं सोलून निघतंय."

"ऊन भरपूर आहे, मावशी. हिच्या अंगाला किती लागलं?"

वैशाली खुर्चीवर मान खाली घालून बसली होती. अंबडला ती पतसंस्थेत नोकरीला जायची, स्कूटीवर. आपल्याकडच्या सगळ्या मुली जातात तशी: तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंतचे मोजे, नुसते डोळे उघडे. रंग काळवंडू नये म्हणून. पुढे सातव्या महिन्यात माहेरी गेली आणि घरातच राहिली. कौसाबाईंचं दार देवीच्या देवळाच्या वाटेवर आहे, दिवसभर माणसांची ये-जा. पोटुशी लेक चारचौघांच्या नजरेत नको, दृष्ट लागेल, म्हणून पुढचं दार लावलेलं. अंगणात ऊन पडलेलं असायचं आणि ती आतल्या खोलीत पंख्याखाली. लाडच होता तो. लोहाच्या गोळ्या मात्र नेमाने दिल्या होत्या.

कौसाबाईंनी विचारलं, "म्हंजे दार मी लावलं म्हणून झालं हे?"

डॉक्टर खाली बसले. "नाही. मी तसं म्हणालो नाही. मेंदूला इजा ऑक्सिजन न मिळाल्यामुळे झाली. अशा बाळांमध्ये हे व्हिटॅमिन कमी असलेलं बऱ्याचदा दिसतं. ते आधीपासून कमी असतं की आजारपणात कमी होतं, आणि त्यानं इजा किती वाढते, यावर अजून अभ्यास चालू आहे. कमी आहे ते आपण भरून काढू. पण त्यानं झालेली इजा मागे फिरणार नाही."

इतकं स्वच्छ सांगितलं त्यांनी. कौसाबाईंच्या मनात त्यातलं पहिलं "नाही" राहिलं नाही, शेवटचं वाक्य तेवढं राहिलं.

तीन दिवसांनी सोहमला हळूहळू ऊब दिली. नळीतून दूध सुरू झालं. एमआरआय झाला, म्हणजे मेंदूचं चित्र. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात इजा आहे, चालणं अवघड होईल, बोलण्याचं आत्ता सांगता येत नाही. महेश "बरं" म्हणाला.

घरी सोडताना व्हिटॅमिनचे थेंब रोज द्यायला सांगितले आणि बाळंतिणीलाही थोडं उन्हात बसवा म्हणाले. पिंपळगावात सव्वा महिना बाळंतीण दाराबाहेर येत नाही. कौसाबाईंनी अंगणात बाज टाकली, देवीच्या वाटेवर, सगळ्यांना दिसेल अशी, आणि वैशालीला तीवर बसवलं.

शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "कौसे, लेक वाळत घातली का गं?"

"व्हय, घातली वाळत. तुझी राहू दे आत, बुरशी येऊस्तोर."

मी तेव्हा तिथेच होते. वाटलं, सावरल्या कौसाबाई. पण सोहमला न्हाऊ घालायची वेळ झाली की त्या उठून गोठ्याकडे जायच्या. त्यांनी त्याला एकदाही पायांवर घेतलं नाही. वैशालीने विनवलं, मी समजावलं, डॉक्टर काय म्हणाले होते ते पुन्हा सांगितलं. "मन राखायला बोलले ते. माझा हात नगं त्याला, बाई," एवढंच म्हणाल्या. गल्लीतल्या दुसऱ्या बाईने त्याला न्हाऊ घातलं. अजूनही त्या अंबडला येतात, आठवडाभर राहतात, त्याच्यासाठी मऊ भात कालवतात आणि ताटली वैशालीच्या हातात देतात. सोहमचं जे गेलं ते औषधाच्या हाताबाहेरचं होतं. पण सोहमची ही आजी त्याच्यापासून तुटण्याचं काहीच कारण नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं.

सई, तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारून रक्तातलं व्हिटॅमिन डी तपासून घे. कमी निघालं तर त्या सांगतील तेवढंच घे, स्वतःच्या मनाने जास्त नको. तुमच्याकडे कॅनडात हिवाळा लांब असतो, आणि हातमोजे तर तूही घालतेस. जिथे बाळंत होणार, तिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे का, ते आधीच बघून ठेव. सगळं करूनही कधी कधी असं होतं. तसं झालंच, तर कोणाचं चुकलं ते शोधायला बसू नका. आमच्या घरात ते शोधणं अजून संपलेलं नाही.

जालन्याला आठवड्यातून दोनदा सोहमची फिजिओथेरपी असते, म्हणजे आखडलेले स्नायू मोकळे करण्याचा व्यायाम. उजवी बाजू ताठ आहे. मान थोडी सावरते. शब्द नाहीत. झटके थांबले आहेत. त्याला गिळता येतं, दिसतं, ऐकू येतं. डाव्या हातात भाकरीचा तुकडा दिला तर तो स्वतः तोंडापर्यंत नेतो, आणि वैशाली खोलीतून गेली की रडतो. एवढं त्याचं शाबूत आहे.