सोनाबाईच्या नावापुढचं ‘कै.’

“ह्ये अक्षर कशाला गो माज्या नावाफुडं?”

सोनाबाईनं स्मारकाच्या दगडावर बोट ठेवलं होतं. मी मोठ्या कौतुकानं तिला तिचं नाव दाखवायला गेले होते. जवानांच्या घरच्या माणसांच्या ओळीत पहिलंच तिचं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक अक्षर बोटानं गिरवून दाखवलं. तिनं ते बोट उलटं मागं नेलं आणि नावाच्या सुरुवातीला थांबवलं.

“कुठलं अक्षर?” मी म्हटलं.

“ह्ये. माज्या घरात दोन फोटू हायत. धन्याचा आन पोराचा. दोनींच्या खाली पयलं ह्येच हाय.”

मी वाकून पाहिलं. मी सोनाबाईच्या नावापुढं ‘कै.’ कोरलं होतं. आणि बाई माझ्यासमोर उभी, डोक्यावर लाकडाचा भारा.

आता हे घडलं कसं, ते सांगते. माझा मूळ धंदा टाकीचा. टाकी म्हणजे टोकदार पोलादी छिन्नी. पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. मग टाकीनं ठोकून तो पुन्हा खडबडीत करायचा. धसई, म्हसा, खर्डीपर्यंत मी पायी फिरले. घरोघरी मिक्सर आले, तशी अक्षरं कोरायला लागले. शाळा मी पाहिली नाही. अक्षरं दगडावरच शिकले, कागदावरून बघून बघून. आणि कामं यायची ती सगळी गेलेल्या माणसांची. दहा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मी काय कोरलं असेल, तर ‘कै.’ डोळे मिटूनही कोरलं असतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आजूबाजूच्या पाड्यांतले तीन जवान सीमेवर मारले गेले होते, त्यातला एक सोनाबाईचा मुलगा. गावानं शाळेसमोर स्मारक करायचं ठरवलं. हेडमास्तर गुरुजींचं म्हणणं, नुसती जवानांची नावं नकोत, त्यांच्या आयांची, बायकांचीही हवीत. त्यांनी यादी दिली. वर तीन नावं, प्रत्येकापुढं ‘शहीद’. खाली सहा बायकांची, पुढं ‘श्रीमती’. खालच्या नावांपुढं काहीतरी आहे एवढं डोळ्यांनी पाहिलं. बाकी हातानं आपल्या सवयीनं केलं, सहाही नावांपुढं ‘कै.’

सरपंच आणि गुरुजी धावत आले. उद्घाटन परवावर आलेलं.

सरपंच म्हणाले, “शिमिट भरा न् वर काला रंग मारा. लांबून कोन बघतंय?”

“लांबून कोन नाय बघनार,” सोनाबाई म्हणाली. “मी जवलून बघनार. रोज ह्याच वाटंनं जाते.”

“अगो, चुकून झालं तिच्याकडनं,” सरपंच म्हणाले.

“चुकून झालं त ठीक. पोर गेलं तवा समदी बोलली, आता सोनाबाई बी संपली. तवापासून दोन पावसं एकटीनं भाताची आवनी केली मी. संपले का? आन ही मला दगडात मारून मोकली!”

मी अक्षरात नख घालून त्याची खोली पाहिली.

गुरुजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “मावशी, तेवढंच घासून निघेल का?”

आमच्या काळ्या दगडाला खोडरबर नाही. तेवढीच जागा घासली तर देवीच्या व्रणासारखा खड्डा दिसतो. एकच उपाय होता. खालचा अख्खा पट्टा दीड सूत, म्हणजे अक्षराच्या खोलीइतका, टाकीनं खाली न्यायचा आणि सहाही नावं नव्यानं कोरायची. दीड दिवसात. मी म्हटलं, “करते.” मनात म्हटलं, मेलीस शेवंते.

टाकीचं टोक या दगडावर तासाभरात बोथट होतं. लोहाराकडं नेऊन शेवून, म्हणजे तापवून टोक काढून, पाणी देऊन आणावं लागतं. लोहार गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी उठायला लागले तशी सोनाबाईनं टाक्या हातातून काढून घेतल्या.

“तू ठोक. मी आनते.”

त्या दीड दिवसात किती खेपा घातल्या तिनं, मोजल्या नाहीत. येताना कधी भाकरी आणि सुकट, कधी पाणी. मधल्या वेळात ओल्या फडक्यानं दगडाची भुकटी पुसायची. मुलाच्या नावावर भुकटी उडाली की ते आधी पुसायची, मग बाकीचं. मी तिच्याकडं बघायचे आणि माझ्या दुखऱ्या मनगटाची मलाच लाज वाटायची.

तिचं नाव पुन्हा कोरलं तेव्हा ती शेजारीच बसली होती. मी एकेका अक्षराआधी तिच्याकडं बघून घेत होते. चुकून हात पुन्हा तिकडंच गेला तर!

उद्घाटनाला सगळे पाडे लोटले. गुरुजी नावं वाचायला उभे राहिले. सवय माझ्याच हाताला होती असं नाही. गुरुजींनी शाळेची हजेरी घेतात तशी नावं वाचली. नाव घ्यायचं आणि थांबायचं. तीन जवानांची नावं झाली. तीन वेळा थांबले. मैदानात कावळासुद्धा ओरडला नाही.

मग खालची ओळ. गुरुजींनी सोनाबाईचं नाव घेतलं आणि सवयीनं थांबले.

“हाय मी!” मागून खणखणीत आवाज आला.

कोणी हसलं नाही. सरपंचांनी टोपी काढली. गुरुजींनी पुढचं नाव घेतलं. ती जवानाची बायको, विशीतली पोर, लग्नानंतर चारचौघांत तोंड न उघडलेली. ती म्हणाली, “हाय.” मग तिसरी. मग उरलेल्या तिघी. सहा जणींनी हजेरी दिली, आणि मला वाटलं, माझ्या हातानं आजवर कोरलेले सगळे दगड एकीकडं आणि ह्या सहा ‘हाय’ एकीकडं.

नंतर बायकांनी हळदकुंकू वाहिलं. वरच्या गुळगुळीत दगडावरून ते ओघळून गेलं. खाली, घोटायला वेळच न मिळालेल्या पट्ट्यावर, टाकीच्या खाचांत बसलं, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघालं नाही. लोक मला म्हणाले, मुद्दाम केलंस का गो असं? मी हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही.

तेव्हापासून मात्र एक नियम केला. कोणी नाव कोरायला आणलं की गेरूनं रेघ मारण्याआधी विचारते, “माणूस हाय का गेलं?” गिऱ्हाईक रागावतं. रागावू दे. सोनाबाईनं ते ‘कै.’ वेळेत ओळखलं, सगळ्यांना ते जमेलच असं नाही.