व्हिएतनामच्या सुनेला जाड करायचा घाट

चहा घ्या. बिस्किटं तुम्हीच संपवा, माझ्याकडं डबा सरकवू नका. मी सोडलीत. हसू नका हो! का सोडलीत ते ऐकलंत की हसणारच आहात, तेव्हा आत्ता जरा दम धरा. अशी फजिती झालीय माझी, की कामरगावच्या बाजारात अजून बाया मला बघून पदर तोंडाला लावतात.

तर आमचा प्रशांत. पोरगा कंपनीच्या कामाला म्हणून व्हिएतनामला गेला आणि येताना सून घेऊन आला. लिन तिचं नाव. पोरगी गोड, कष्टाळू, हसली की घर उजळतं. पण बारीक! बारीक म्हणजे किती? आम्ही मळेवाली माणसं, वांगी, मेथी, चवळी पिकवून बाजारात नेतो. चवळीची शेंग मी जन्मभर पाहिलीय. पण तिच्याशेजारी शेंगही अंगानं भरलेली दिसावी! दारात माप ओलांडताना मला धाकधूक, की मापच हिला ओलांडून जातं की काय.

शेजारची सुमन तर तिथंच कानात म्हणाली, "कुसुमबाई, सून आनली का उदबत्ती?"

लागलं हो मला! मी प्रशांतला कोपऱ्यात घेतलं. "काहून रे, पोट्टी बिमार तं नाही ना?"

"नाही व आई. तिकडचे लोक असेच राह्यते." त्यानं मोबाइलवर सगळं सासर दाखवलं. आई बारीक, बाप बारीक, आजा बारीक, मागं उभं असलेलं कुत्रंसुद्धा बारीक. "काही देशात लोक जाड, काही देशात बारीक. जसं खानं तसं आंग. तिकडं भात थोडासा, पालाच पाला, अन् पान्यासारखं सार."

आता तुम्हीच सांगा, अख्खा देश बारीक, हे काय नुसत्या पाल्यानं होतं? मी चुलीपुढं बसून विचार केला आणि भाकर फुगायच्या आत मला उत्तर सापडलं. तिथं आग्रह करणारं कोणी नसणार! माणूस 'पुरे' म्हणत असेल आणि वाढणारी बाई खरंच थांबत असेल. मग कसं अंगाला लागायचं? आपल्याकडं 'पुरे' म्हणजे 'दोन वाढ'. आणि जे देश जाड आहेत ना, तिथल्या वाढणाऱ्या बाया नक्की माझ्या माहेरच्या, मेडशीच्या असणार.

त्यात प्रशांतला ऑफिसनं महिनाभर पुण्याला बोलावलं. लिन म्हणाली, मी आईजवळ राहते. मला कोण आनंद! तो परत आला की त्याला मधे बसवून विहीणबाईंशी मोबाइलवर समोरासमोर बोलायचं, असं ठरलं. मायलेकी तर साध्या फोनवर रोजच बोलायच्या, पण त्यांची भाषा मला कळत नव्हती आणि माझी त्यांना.

आणि इथंच मला चिंता लागली. महिन्यानं लेक तशीच दिसली तर ती माउली काय म्हणेल? भाजीवाल्यांनी माझी पोरगी उपाशी ठेवली! गावात नाक कापलं गेलं तर निदान ओळखीच्यांत तरी जातं. इथं तर परदेशात जाणार होतं.

प्रशांतची बस सुटली आणि मी लिनला भाजी तोलायच्या काट्यावर उभं केलं. वजन मनात पक्कं केलं आणि लागले कामाला.

पहिल्याच दिवशी पुरणपोळी. तुपाची वाटी भरून. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो. लिन हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली!

"खाय ना व बाई! लाजते कायले?"

तिला प्रशांतनं आपले दोन-तीन शब्द शिकवले होते. ती म्हणाली, "आई, जेवा."

मी एक घास घेतला. लगेच तिनंही घेतला. मी थांबले, तर तीही थांबली. असं आहे होय! मी खाल्लं की ही खाते! किल्लीच सापडली हो मला. तिला पोळीभर खायला लावायचं तर आपण दोन पोळ्या खायच्या, एवढं सोपं.

बरं, तेवढ्यावर भागतं का? तुपात बुडालेला मधला मऊ भाग तिनं तोंड लावायच्या आधीच अलगद उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्या ताटात ठेवला. वर मान लववून पुन्हा, "आई, जेवा."

मला वाटलं, परकं घर आहे, लाजत असेल. परत दिलं तर पोरीचं मन मोडेल. ताटात टाकावं, तर अन्न वाया घालवणारी बाई मी नाही. राहिला एकच रस्ता. तो मी धरला.

आमचे हे समोर बसून बघत होते. "अवं, थे सून हाय का तू हायेस? वाढून कोनाले राह्यली?"

"अजी, मी खाल्लं की थे खाते. तुमाले काय समजते त्यातलं?"

मग काय, सुरूच झालं! एक दिवस बेसनाच्या पातोडीचा रस्सा, वर बोटभर तेलाची तर्री. एक दिवस गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. शिरा तर येता-जाता. ती माझ्या ताटात चांगलं चांगलं ठेवायची, मी तिच्या ताटात वाढायची, ती त्यातलं परत माझ्या ताटात. खरं सांगते, आईच्या हातानंतर मला असं ताटात कोणी वाढलं नव्हतं. आपण जन्मभर वाढतच असतो ना हो! त्यामुळं घासही गोड लागायचा. आणि गोड घास कोणी मोजतं का?

पोरगी सकाळी मात्र मळ्यात जायची आणि मेथी, पालक, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, खुडून धुऊन तशीच कच्ची भातासोबत खायची. आमच्या ह्यांना भारी कौतुक. "पाह्य, मेथीचा वाफा साफ करून राह्यली!" मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं. लोक म्हणतील, कुसुम सुनेला पाल्यावर ठेवते!

म्हणून मी शेजारपाजारची बोलावणी घ्यायला लागले. नवी सून आली की गावात घरोघरी जेवायला बोलावतातच. सुमनकडं गोळाभात होता. बेसनाचे गोळे, वर कढत तेल. लिननं आपल्या ताटातले गोळे उचलले आणि ठेवले माझ्या ताटात. झालं, पंगतच्या पंगत विरघळली.

"माय व! सून पाह्य किती गुनाची!" सुमन म्हणाली. "आमची सुनबाई तं कांदा बी मोजून देते."

एवढं कौतुक कानावर आल्यावर ते गोळे मागं ठेवायचे कसे? खाल्ले. सुमननं आणखी वाढले. तेही खाल्ले. मग रोज एक घर. घरोघरी तेच कौतुक, आणि तेच माझं ताट.

मधे माझा ब्लाऊज अंगात जाईना. मी म्हटलं, कापड हलकं, धुतल्यावर आटलं. दुसराही आटला. मग तिसरा. ह्यांना म्हटलं, "आजकाल दुकानदार लय फसवून राह्यले." हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या, तर मी उन्हाला दोष दिला. माणसाला दिसायचं नसलं की समोरचा डोंगर दिसत नाही, आणि इथं तर डोंगर मीच होते.

महिना भरला. प्रशांत दुपारी येणार होता. तो यायच्या जरा आधी मी सुमनला साक्षीला बोलावलं आणि लिनला काट्यावर उभं केलं. मनातून पेढे वाटायची तयारी!

काटा आला तिथंच. पहिल्या दिवशी होता तिथंच! रेघभर इकडं नाही, रेघभर तिकडं नाही.

"काटाच बिघडला," मी म्हटलं.

ह्यांनी शांतपणे पाच किलोचं वजन ठेवलं. काट्यानं बरोब्बर पाच दाखवले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आता तू चढ."

"मी कायले चढू?"

"चढ ना व. एवढं अन्न घरात आलं, थे गेलं कुठं, पाहू तं दे."

चढले. काटा असा काही निघाला, की आता पार पुढच्या गावाला, इंझोरीला जाऊनच थांबतो असं वाटलं. सुमन ओट्यावर बसून पोट धरून हसत होती. ह्यांनी मिशीवर हात धरला होता. आणि लिन? ती आनंदानं टाळ्या वाजवत होती! मला वाटलं, पोरगी माझी खोडी काढतेय. राग आला थोडा. पण वेळ कुठं होता? प्रशांत दारात आला, हातपाय धुतले आणि लगेच विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मी मोबाइल हातात धरला, पण नजर वर करायची हिंमत होईना. लेक जशी दिली तशीच परत दाखवायची, आणि खाल्ल्याचा पुरावा सगळा माझ्या अंगावर!

विहीणबाईंनी आधी लिनला पाहिलं. मग मला पाहिलं. पाहतच राहिल्या. आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी! दोन्ही हात जोडून काहीतरी भरभर बोलायला लागल्या.

मी घाबरले. "प्रशांत, रागावल्या का रे? सांग तिले, मी लय आग्रह केला, देवाशपथ!"

प्रशांतला हसू आवरेना. "आई, थे रागावली नाही. थे मनते, लिन स्वयंपाकात कच्ची. सासूचे हाल करते का काय म्हनून तिच्या घशाखाली घास नोता उतरत. रोज फोनवर पोरीले बजावे, चांगलं चांगलं आधी सासूच्या ताटात ठेव, मंग तू खाय. तिकडं वडीलमानसाले असाच मान देते. आता तुले पाहून तिच्या जीवात जीव आला. मनते, माह्या पोरीनं सासूले सांभाळलं!"

म्हणजे बघा, इकडून मी तिच्या लेकीला जाड करायला निघाले होते, आणि तिकडून ती मला! आग्रह करणारं कोणी नाही म्हणे त्या देशात! मला भरून आलं. लिनला जवळ ओढलं. "सांग तिले," मी म्हटलं, "तुमची पोरगी लाखात एक हाय. माह्या आईनं बी मले असं खाऊ घातलं नाही."

प्रशांतनं सांगितलं. विहीणबाई खूश झाल्या, पुन्हा काहीतरी म्हणाल्या.

"आता काय मनते रे?"

"मनते, मोबाइल जराक दूर धरा. तुमाले पुरं पाहाचं हाय."

आणि माझा हात तर आधीच, जेवढा जातो तेवढा, लांब केलेला होता!