शिक्षेची मिनिटे

१७ जानेवारी २००४, शनिवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. फोन मीच उचलला. पलीकडून शालिनीवहिनी एवढेच म्हणाल्या, "भावोजी, हे उठत नाहीयेत." मी घड्याळ पाहिले, मफलर गुंडाळला आणि निघालो. दिल्लीत मयूर विहारमधील आमच्या सोसायटीत कदमांची इमारत माझ्यापासून तिसरी. त्या दिवशी धुके इतके होते की शेजारची इमारतही दिसत नव्हती. कुंपणाच्या भिंतीला हात लावत गेलो. हवालदार कदम उजव्या कुशीवर झोपले होते. हात लावताच कळले की पहाटेच्या आधीच सारे संपले असावे. डॉक्टर येऊन गेले. मग वहिनींनी विचारले, "रोहनला कोण सांगणार?" मी म्हणालो की कॅनडात मुलीला फोन करू, ती मुलाला सांगेल. त्या प्रश्नाचा अर्थ मला समजला होता. न समजल्याचे मी दाखवले...

स्मृतिलेखांवर माझा विश्वास नाही. मेलेला माणूस त्यात सुधारतो आणि लिहिणारा त्याहून अधिक सुधारतो. कदम जाऊन आज पाच आठवडे झाले. त्यांच्याविषयी एक गोष्ट माझ्याखेरीज कोणी लिहिणार नाही, आणि ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे, म्हणून लिहितो.

मी सैन्याच्या अभिलेख कार्यालयात एकतीस वर्षे काढली आणि सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालो. जवानांची सेवापत्रके तपासणे हे माझे काम. जन्मतारखा खोडलेल्या असत, रजेच्या अर्जांत एकाच माणसाची आजी तीन वेळा वारलेली असे. अशा कामातून उठलेला माणूस कोणाचे बोलणे ऐकताना आधी त्यातली खाडाखोड शोधतो. १९९३ साली सोसायटीचा ताबा मिळाला तेव्हा कदम भेटले. साताऱ्याकडचे, पायदळातले, बुटके, बोलघेवडे. आमची कधी एकत्र नेमणूक झाली नव्हती, तरी पहिल्या दिवसापासून ते मला "साहेब" म्हणत. मला ते खटकले. फार लवकर "साहेब" म्हणणाऱ्याला काहीतरी हवे असते, असा माझा अनुभव. त्यांना काहीच नको होते, ही खात्री पटायला मला बरीच वर्षे लागली.

त्यांच्या बोलण्यात एकच विषय असे, नातू. मुलगी सुनंदा निकमांच्या घरात लग्न करून कॅनडात गेली होती. तिचा मुलगा रोहन तिकडे आइस हॉकी खेळत असे. बर्फावरची ही हॉकी कदमांना ठाऊक होती. लेहला असताना हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर जवान खेळत, बुटांच्या तळाला लोखंडी पाती ठोकून. कदम गोल सांभाळत. "मला घसरता यायचं साहेब, थांबता यायचं नाही. म्हणून मला एकाच जागी उभं केलं," असे ते सांगत आणि स्वतःच हसत. इथपर्यंत माझी हरकत नव्हती. पण पुढे ते म्हणू लागले की नातू सव्वासहा फूट उंच आहे, सर्वांत वरच्या लीगच्या एका संघाने त्याला आपल्या नावावर राखून ठेवले आहे, सध्या तयारीसाठी खालच्या लीगमध्ये धाडले आहे आणि दोन हंगामांत तो वर जाईल. साडेपाच फूटही न भरणाऱ्या माणसाचा सव्वासहा फुटी नातू. मराठी आडनावाचा मुलगा, गोऱ्यांच्या खेळात, पगारी. मी विश्वास ठेवला नाही.

संशयाला आधारही होता. सामन्याची बातमी त्यांना त्याच सकाळी कळत असे. भारतीय वर्तमानपत्रांत हा खेळ छापून येत नाही आणि मुलीचा फोन महिन्यातून एकदा येई. मग सकाळी नऊ वाजता यांना कोण सांगते? त्या काळी नोएडात नवनवी काचेची कार्यालये उभी राहत होती. त्यांतल्या एका कॉल सेंटरच्या फाटकावर कदम सुरक्षा पर्यवेक्षक होते. २००१ च्या डिसेंबरात एका सकाळी कोणाला न सांगता मी बस पकडून तेथे गेलो. नऊ वाजता रात्रपाळी सुटली. जांभया देणारी पोरे-पोरी गाड्यांकडे धावत होती. त्यांतली एक मुलगी फाटकाशी थांबली आणि कदमांच्या हातात छापील कागद देऊन म्हणाली, "लीजिए अंकल, आज आपका हीरो नौ मिनट खेला. बाकी टाइम फिर जेल में." कदमांनी कागदाआधी मला पाहिले. टाचा जुळवून म्हणाले, "इन्स्पेक्शन का साहेब? आधी सांगितलं असतं तर बूट चमकवले असते."

मुलीचे नाव रितू. रात्रभर ती तिकडच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐके आणि फोनवर आपले नाव रीटा सांगे. आपल्याकडे सकाळचे साडेआठ होतात तेव्हा तिकडचे रात्रीचे सामने संपलेले असतात. घरी निघण्यापूर्वी ती संगणकावरून सामन्याचा तक्ता छापून आणी. कागद खरा होता. खेळाडूंच्या यादीत आर. निकम हे नाव होते. मी माफी मागितली नाही. परतताना माझ्या मनात दुसराच प्रश्न होता. कदमांनी तो कागद घेताच त्याची उजवी कड दुमडली होती आणि अंगठ्याने घडी घट्ट केली होती. आणि "जेल में" म्हणजे काय?

त्यानंतर मी लक्ष ठेवले. ते मला प्रत्येक तक्ता दाखवत, आणि प्रत्येक तक्त्याची उजवी कड दुमडलेली असे. जानेवारीत एकदा मी त्यांच्या घरी बसलो असताना ते फोन घ्यायला आत गेले. मी घडी उलगडली. शेवटच्या रकान्याचे शीर्षक होते शिक्षेची मिनिटे. खेळात गैरवर्तन करणाऱ्याला ठरावीक मिनिटे मैदानाबाहेर एका बाकावर बसवतात, त्याचा हा हिशोब, आधी त्या सामन्याचा आणि कंसात सबंध हंगामाचा. इतरांचे कंसातले आकडे दहा, पंधरा, बावीस. निकमचा आकडा तीन अंकी. कदम परत आले तेव्हा कागद माझ्या मांडीवर उघडा होता. त्यांनी तो उचलून कड पुन्हा दुमडली. मग म्हणाले, "लाल शाई आहे साहेब. तुमच्यासारख्याला दाखवायची लाज वाटली."

सैन्यात नसलेल्यांसाठी सांगतो. जवानाला मोठी शिक्षा झाली की ती त्याच्या आचरणपत्रकात लाल शाईने लिहिली जाते. अशा तीन-चार नोंदी झाल्या की बढती विसरायची. मी हजारो पत्रके पाहिली. लाल शाईने भरलेला माणूस वर गेलेला पाहिला नाही. कदमांना हे सारे माहीत होते, म्हणूनच ते कड दुमडत. वरचा संघ त्याला पुढे ठेवणार की नाही, हे एप्रिलमध्ये ठरणार होते. मी सांगितले की मुलगा आपल्या हाताने आपली वाट लावतो आहे, त्याला वेळीच ताकीद द्या. फोनवर नको, लेखी. रोहनला मराठी वाचता येत नसे आणि कदमांचे इंग्रजी कामापुरते होते. म्हणून पत्र मी लिहिले, इंग्रजीत.

ते पत्र मला पाठ आहे. चार परिच्छेद होते आणि एकही शब्द वावगा नव्हता. आजोबा ज्या शिस्तीत वाढले तिची आठवण, कुटुंबाच्या नावाची आठवण, आणि शेवटी अशी अपेक्षा की यापुढे त्या रकान्यात शून्य दिसेल. कदम शेजारी बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "साहेब, एक घालता का? म्हणावं, लेहला मी गोलवर उभा असायचो. लोक अंगावर यायचे, पण मी जागा सोडली नाही. तुझ्यातही तेच आलं असेल, त्याचा मला आनंदच आहे. फक्त जपून."

मी म्हणालो, "कदम, ताकीद देताना शाबासकी देत नाहीत. हे अप्रस्तुत आहे."

"बरं," ते म्हणाले. आणि सही केली.

फेब्रुवारीच्या मध्यापासून रकान्यात शून्य येऊ लागले. पहिला सामना शून्य, दुसरा शून्य. कदम आता कागद सबंध उघडून आणत. वहिनींनी शंकरपाळे केले आणि मला डबा भरून दिला. तरी मला शंका होतीच. इतक्या वेगाने सुधारणारा माणूस मी पाहिला नव्हता. मग खेळलेल्या मिनिटांचा आकडा उतरू लागला. नऊची सहा झाली, सहाची तीन. मार्चमध्ये एका सकाळी यादीत नावच नव्हते. कदम म्हणाले, दुखापत झाली असेल. मी म्हणालो, पळाला असेल. आम्ही दोघेही चुकलो होतो.

खरे काय ते रितूने शोधले. तिकडच्या एका गृहस्थाचा टीव्ही बंद पडला होता. ती तक्रार नोंदवताना तिने त्याला निकमचे नाव विचारले. कामाच्या वेळी असे विचारणे नियमाबाहेर होते. पकडली गेली असती तर नोकरी गेली असती. तो गृहस्थ नेमका त्याच संघाचे सामने पाहणारा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ती कदमांना सांगत होती आणि मी शेजारी होतो, कारण तोवर मीही अधूनमधून तेथे जाऊ लागलो होतो. त्या खेळात प्रत्येक संघ असा एक धिप्पाड गडी बाळगतो. आपल्या लहानखुऱ्या, चपळ खेळाडूला कोणी जाणूनबुजून दुखापत केली की हा पुढे होतो, मारणाऱ्याला अडवतो, भिडतो आणि त्याबद्दल बाकावर जाऊन बसतो. प्रेक्षक त्याच्यासाठी उभे राहतात. निकम तेच करत असे. हिवाळ्यात एकाएकी त्याने भिडणे बंद केले, त्याच्या संघातले एक पोर जबडा फोडून घेऊन गेले, तरी हा हात खाली ठेवून उभा राहिला. का, ते कोणालाच कळले नाही. "अंकल, वो सज़ा नहीं थी," रितू म्हणाली. "वो तो उसकी ड्यूटी थी."

ड्यूटी हा शब्द आम्हा दोघांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. पहाऱ्यावर ठाम उभ्या राहिलेल्या माणसावर मी आरोपपत्र लिहिले होते. परतीच्या बसमध्ये कदम एवढेच म्हणाले की पोराने ऐकलं, साहेब... म्हाताऱ्याचं ऐकलं. एप्रिलमध्ये वरच्या संघाने रोहनचे नाव सोडले. तो आणखी एक पायरी खालच्या लीगमध्ये गेला. कदमांनी मुलीमार्फत दोनदा निरोप धाडला की पूर्वीसारखा खेळ. उत्तर आले की आता जमत नाही. पुढे आजोबा-नातवाचे बोलणे तब्येतीपुरते उरले.

जवळजवळ दोन वर्षे मी एका संशयात काढली. मला वाटे, कदमांनी त्याला सांगितले असणार की पत्र माझे नव्हते, आमच्या सुभेदारसाहेबांचे होते. मी त्यांच्या जागी असतो तर सांगितले असते. ते रोज भेटत, "साहेब" म्हणत, नोएडाच्या वाढत्या गर्दीविषयी, फ्लायओव्हरविषयी बोलत. त्या पत्राचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही, आणि त्या गप्प राहण्यातही मी काहीतरी हेतू शोधत राहिलो.

त्या शनिवारी दुपारी यमुनाकाठी अग्निसंस्कार उरकून आम्ही परतलो. संध्याकाळी सहाच्या सुमारास कदमांच्या घरी फोन वाजला. तिकडे सकाळ होती. वहिनी बोलल्या, रडल्या, मग त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "रोहन आहे. तुमच्याशी बोलायचं म्हणतोय." मी विचारले, काय सांगितले आहे त्याला माझ्याबद्दल? त्या म्हणाल्या, "काही नाही. ह्यांनी सांगू दिलं नाही. म्हणाले, सही माझी आहे."

मी रिसीव्हर घेतला. आवाज जड होता, मराठी अडखळत. म्हणाला, "काका, तुम्ही त्यांचे बेस्ट फ्रेंड ना? एक विचारायचं आहे. आजोबांना माझी लाज वाटायची?"

नाही म्हणून मोकळे होता आले असते. पण नुसत्या नकारावर मीच कधी विश्वास ठेवला नव्हता. त्याने का ठेवावा? मी सांगितले की ते पत्र मी लिहिले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आजोबांची त्यात फक्त सही आहे. त्यांनी जे घालायला सांगितले ते मी गाळले. मग गाळलेली वाक्ये त्यांच्याच शब्दांत, सावकाश, त्याला समजतील अशी सांगितली. "गोलवर" हा शब्द त्याला लगेच कळला. "जागा सोडली नाही" हे दोनदा सांगावे लागले.

तिकडे तो ते शब्द स्वतःशी पुन्हा म्हणून पाहत होता.

मग तो म्हणाला, "म्हणजे आजोबांना कळलं होतं."

"हो," मी म्हणालो. "मला कळलं नव्हतं."

त्याने मला क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. तो म्हणाला, आजीला द्या. मी रिसीव्हर वहिनींना दिला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो. मृत्यूच्या नोंदणीचा अर्ज टेबलावर होता. सोमवारी कार्यालय उघडताच तो द्यायचा होता. चष्मा पुसला. मृताचे नाव, वय, पत्ता भरला. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात माझे नाव लिहिले, खाली सही केली आणि पेनाला टोपण लावले.