घर बघायला माणसं येणार

लॉर्ना टपेनचा मला आजही राग येतो. आधी तिची चीड येते, मग स्वतःची लाज वाटते, आणि मग पुन्हा चीड येते. एकतीस वर्षं ती माझ्या डोक्यावर राहिली. खरंच डोक्यावर, मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. एवढ्या वर्षांत तिच्या पावलांचा आवाज माझ्या छतातून कधी खाली आला नाही. मी तेव्हा बस चालवायचो, पहाटेची पाळी असायची. "खाली क्लाइव्ह झोपला असेल," म्हणून ही बाई दुपारभर घरात लोकरीचे मोजे घालून वावरायची. मला हे कळलं कधी, तर तिचा नवरा डेरेक गेला त्या दिवशी. दार उघडलं तेव्हा तिच्या पायांत मोजेच होते.

नमुना म्हणून एकच गोष्ट सांगतो. एकदा दातांच्या डॉक्टरनं तिचा भलताच दात उपटला. दुखरा तसाच राहिला. तर बाईंनी काय करावं? त्याचे आभार मानले, पैसे दिले, घरी आली, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन दुखरा काढून घेतला. "अगं, त्या पहिल्याला सांगायचं तरी!" मी ओरडलो. तर म्हणते, "कसं सांगू रे? किती मन लावून काढला होता त्यानं."

आता अशा बाईवर घर विकत घ्यायची वेळ आली. कपाळ बडवून घ्यावं, दुसरं काय!

झालं असं, की लॉर्ना भाडेकरू. वरचं तेवढं घर म्हाताऱ्या पेलिंगचं. म्हाताऱ्याचा आणि तिचा एक न बोललेला करार होता: ती कशाचीही तक्रार करायची नाही, तो भाडं वाढवायचा नाही. छत गळलं की डेरेक वर चढायचा. डेरेक गेल्यावर मी चढायला लागलो. एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सव्वीस वर्षं पोरांना बटाटे आणि मासे वाढले. निवृत्त झाल्यावर मे ते ऑक्टोबर रोज सकाळी सातला टॉवेल खांद्यावर टाकून ती खाली उतरायची, रस्ता ओलांडून किनाऱ्यावरच्या गोट्यांवरून लंगडत समुद्रात शिरायची. थंडीनं निळी होऊन परत आली की जिन्यात मला म्हणायची, "आज पाणी झकास आहे." रोज झकास. एक दिवस तरी वाईट म्हणावं ना! डेरेकची रक्षा त्याच पाण्यात सोडलेली, त्यामुळे मी कधी वाद घातला नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये पेलिंग वारला. मे महिन्यात त्याची मुलगी हॅरिएट आली, वर जाऊन तासभर बसली. मुलगी वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. ती म्हणाली, "मिसेस टपेन, माझं चाललं असतं तर घर तुम्हालाच दिलं असतं. पण भावाचाही वाटा आहे, आणि तो म्हणतो बाजारात काढून बघू. आपण असं करू. तुम्ही दोन लाख तीस हजार देऊ शकता ना? पंधरा दिवस घर लोकांना दाखवू. त्याच्यावर कुणी गेलं नाही, तर घर तुमचं. शब्द देते."

दोन लाख तीस हजार पौंड. डेरेकच्या विम्याचे, साठवलेले, बहीण रीटानं दिलेले, सगळे मिळून तिथंच येऊन थांबत होते. अडुसष्टाव्या वर्षी बँक दारात उभं करत नाही. पण मला धीर आला. म्हटलं, तिसरा मजला, लिफ्ट नाही, अठ्ठावन्न पायऱ्या, कपाटामागे ट्रेएवढी ओल, आणि धुराड्यावर सीगलचं घरटं. पहाटे चारला ते पक्षी असे कोकलतात की मेलेला उठून बसेल. कोण पैसे ओतणार या घरावर? लॉर्नानं फक्त एक करायचं होतं. काही करायचं नव्हतं!

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. पहिल्या शनिवारी दहा वाजता माणसं घर बघायला येणार, असा दलालाचा फोन आला. टोबी नाव त्याचं, टोकदार बुटांतला पोरगा. फोन ठेवल्या ठेवल्या लॉर्ना पडदे उतरवून धुवायला लागली. बुधवारी मी वर गेलो तर बाई शिडीवर, हातात रंगाचा ब्रश, आणि कपाट पुढे ओढलेलं.

"हे काय चाललंय?"

"ती ओल दिसते रे."

"दिसू दे! दिसायलाच हवी! अगं वेडे, घर घेणारी तू आहेस. ते जितकं भिकार दिसेल तितकं तुझं भलं!"

"हो, ते कळतं मला," ती ब्रश हलवतच म्हणाली. "पण माणसं येणार घरात, क्लाइव्ह. त्यांनी काय म्हणावं? या बाईनं घर कसं ठेवलंय!"

"काय म्हणायचं ते म्हणू देत! परत तोंड बघणार आहेत का तुझं?"

"तू ती खिडकीची कडी घट्ट करून देतोस का?" ती म्हणाली. "पुसताना हलते."

आणि मी गाढव, दिली करून. त्या दिवशीच तिनं माझ्याकडून शब्द घेतला. "मी हे घर घेऊ बघतेय, हे कुणाला सांगायचं नाही. बिचारी लांबून येणार, त्यांना अवघडल्यासारखं होईल. आणि मला कुणाची दया नको." मी म्हणालो, ठीक आहे. त्यावर ती म्हणाली, "तसं नाही, शब्द दे." मी दिला.

पहिल्या शनिवारी चौघं आले. मी जिन्यात ठाण मांडून बसलो होतो. शब्द फक्त एका गोष्टीचा दिला होता, बाकी तोंड माझं मोकळं होतं. पहिलं जोडपं वर चढताना मी मोठ्यांदा म्हणालो, "सांभाळून हं, गेल्या हिवाळ्यात इथपर्यंत पाणी गळत होतं." तोच वरून लॉर्नाचा आवाज: "आमच्या क्लाइव्हला चेष्टेची फार सवय आहे. या, या. चहा टाकलाय." आणि वरून काय वास येत होता म्हणता! बाईंनी स्कोनचे गोडसर पाव भाजले होते. लोणी, मुरंबा, सगळं मांडून. अठ्ठावन्न पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या माणसाला गरम स्कोन दिलात तर तो पायऱ्या विसरणार नाही तर काय करणार?

तरी तो शनिवार निभावला. एकानंही पैसे लावले नाहीत. आठ दिवस लॉर्ना सकाळी पोहून आली की जिन्यात माझ्याकडे बघून नुसती हसायची. एकदा म्हणाली, "घर आपलं झालं ना, तर स्वयंपाकघराला पिवळा रंग देईन. पेलिंगना पिवळा आवडायचा नाही." एकतीस वर्षांत तिनं स्वतःसाठी काही हवं म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

दुसऱ्या शनिवारी एकच जोडपं आलं, लंडनहून. बाई इमोजेन, सातवा महिना. नवरा फर्गस, लाजाळू, दारात बूट काढून ठेवणारा. त्या दिवशी लॉर्नानं मलाही वर बोलावलं होतं. खाली बसलो असतो तर काहीतरी बरळलो असतो, म्हणून. टोबी आपला फोनवर. तेवढ्यात सीगल सुरू झाले. मी मनात म्हटलं, शाबास रे पठ्ठ्यांनो, ओरडा! तर इमोजेन डोळे मिटून म्हणते, "किती छान! समुद्रावर आल्यासारखं वाटतं ना, फर्ग?"

मग ती लॉर्नाकडे वळली. "मिसेस टपेन, तुम्ही इतकी वर्षं राहिलात. खरं सांगा हं, या घरात काही वाईट आहे का?"

देवानं ताटात वाढून दिलं होतं. मी तिच्याकडे टक लावून बघत होतो. बोल गं बाई, कपाटामागची भिंत सांग, छत सांग, जानेवारीतला वारा सांग! लॉर्नाचा चेहरा लाल झाला. बशीतला एक तुकडा तिनं उगीच इकडून तिकडे केला.

"नाही हो," ती म्हणाली. "पायऱ्या आहेत, पण सवय होते. बाळाचा पाळणा या कोपऱ्यात ठेवा, इथं वारा लागत नाही. आणि सकाळचं ऊन सात वाजता बरोबर त्या टेबलावर येतं."

इमोजेनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठलो आणि खाली निघून आलो. दार आपटलं असतं, पण घर तिचं होतं.

सोमवारी हॅरिएटचा फोन आला. दोन लाख पंचाहत्तर हजार. मी तिथंच होतो. हॅरिएट फोनवर रडत होती, ते मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं. भाऊ ऐकत नाही, मी काय करू, असं काहीतरी. आणि लॉर्ना तिचीच समजूत काढत होती. "नाही गं पोरी, तुझी काही चूक नाही. तू खूप केलंस." फोन ठेवून तिनं गॅसवर चहाचं पाणी ठेवलं आणि पाठमोरीच उभी राहिली. पाणी उकळून उकळून आटलं तरी.

"लॉर्ना, अजून सह्या झाल्या नाहीत," मी म्हणालो. "आपल्याकडे सह्या होईपर्यंत कुणी कुणाला बांधील नसतो. त्या मुलीला जाऊन सांगू. मी सांगतो. मला शब्दातून सोड."

"सात महिन्यांची पोटुशी आहे ती," लॉर्ना म्हणाली. "तिला काय सांगणार? हे घर सोड म्हणणार?"

मी काय काय बोललो ते आता सांगत नाही. मूर्ख म्हणालो, भेकड म्हणालो. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "तुझा चहा राहिला रे." माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. आठ हजार होते माझे, ते दाखवले, तर तिनं माझा हात धरून पाकीट परत खिशात ठेवलं.

ऑगस्टमध्ये ती नॉर्थॅम्प्टनला रीटाकडे गेली. तिथून कुठलाही समुद्र लांबच. जायच्या दिवशी ओव्हन घासून, खिडक्या पुसून, टेबलावर कचऱ्याची गाडी कोणत्या दिवशी येते त्याची चिठ्ठी ठेवून गेली. मी तिला स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत आम्ही दोघं हवेबद्दल बोललो.

परवा इमोजेन जिन्यात भेटली. मुलगी कडेवर, गुटगुटीत. चांगली माणसं आहेत ही, मोजे घालून वावरत नाहीत एवढंच. म्हणाली, "मिस्टर एकहर्स्ट, मिसेस टपेनचा पत्ता द्याल का? बाळाचा फोटो पाठवायचाय. तुम्हाला सांगू का, त्या दिवशी आम्ही आधी मागच्या गल्लीतलं एक घर बघून आलो होतो. तेही तितकंच आवडलं होतं, थोडं स्वस्तही होतं. पण मिसेस टपेन इतक्या मायेनं दाखवत होत्या की आम्हाला वाटलं, हे घर आम्हीच घ्यावं अशी त्यांची इच्छा आहे. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं." मग ती थबकली. "त्यांना जायचंच होतं ना इथून? नाहीतर आम्ही कधीच..."

पोरगी तिचा कान ओढत होती. मी त्या दोघींकडे बघितलं.

"छे हो," मी म्हणालो. "तिला बहिणीकडे जायचंच होतं कधीपासून. पायऱ्यांना कंटाळली होती."

"हुश्श," ती हसली. "बरं वाटलं ऐकून."

मी पत्ता लिहून दिला.