उन्हाचं दूध

माझ्या मुलीच्या पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, तुरीच्या दाण्याएवढे दोन काळपट डाग आहेत. लहानपणी आंघोळीला बसली की ती त्यांवर बोट ठेवून विचारायची, "हे काय गं?" मग तिची आजी न्हाणीच्या दारातून सांगायची, "म्या डागलं तुला. लई रडायचीस." मी मुकाट्याने पाणी ओतत राहायचे.

बाळंतपणाची रजा संपली तेव्हा ती अडीच महिन्यांची होती. मोठ्या दुष्काळाला तेव्हा दोन-तीन वर्षं उलटली होती. मी कवठे येमाईच्या शाळेत शिकवायचे. नवरा दौंडला रेल्वेत होता. शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचा आणि सोमवारी उजाडायच्या आत जायचा. एरवी घरात आम्ही तिघीच. आत्याबाई म्हणजे माझी सासू, मी, आणि ते एवढंसं लेकरू. घर मळ्यात होतं, शाळेपासून वीस मिनिटांच्या वाटेवर. दुपारची सुट्टी तासाभराची. जायला वीस, यायला वीस, म्हणजे पोरीच्या वाट्याला वीस मिनिटं. मुलांना मी त्रैराशिक शिकवायचे, पण स्वतःचं हे साधं गणित मला कित्येक दिवस सुटलं नाही.

त्या वीस मिनिटांतली निम्मी आत्याबाईंच्या नियमात जायची. उन्हातून आलेल्या आईनं लेकराला लगेच पाजायचं नाही. "उन्हाचं दूध हाय ते. पोटात कढ उठंल तिच्या." आधी हातपाय धू, घोटभर पाणी पी, घाम वाळू दे, पहिल्या धारा पिळून टाक, मग घे. आमच्याकडे सगळ्या बायका असंच करायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी ओट्यावर पदरानं वारा घेत बसायचे आणि पोरगी माझा वास लागून समोर ऊर फुटेस्तोवर रडायची. रडून रडून काळीनिळी व्हायची. मग पदराखाली घेतली की अधाशासारखी गटागटा प्यायची, मधेच ठसकायची, परत तोंड लावायची. तिचं पोट भरतं न भरतं तोच मी तिला झोळीत टाकून शाळेकडे सुटायचे.

अर्ध्या तासानं तिचं सुरू व्हायचं, असं आत्याबाई सांगत. संध्याकाळी मी परत आले की ते डोळ्यांनीच बघायचे. पुन्हा हातपाय धुणं, पुन्हा बसणं, पुन्हा गटागटा पिणं. मग पोट नगाऱ्यासारखं टम्म. पाय पोटाशी ओढून घ्यायची, मुठी आवळायची आणि किंचाळायची. दिवे लागले तरी थांबायची नाही. आम्ही काय केलं नाही? बेंबीभोवती हिंग कालवून लावला. तव्यावर ओवा भाजून त्याच्या पुरचुंडीनं शेकलं. विड्याच्या पानाला एरंडेल चोपडून, कोमट करून पोटावर बांधलं. वेखंड उगाळून चाटवलं. नवऱ्यानं दौंडच्या बाजारातून पोटदुखीच्या औषधाची बाटली आणली. तिच्यातलं निम्मं पोरीच्या गळ्याशी ओघळलं.

रविवारी मात्र ती रडायची नाही. खरंच नाही. दिवसभर हुंकार देत खेळायची. आत्याबाई म्हणायच्या, बापाला बघितलं की लबाड गप बसते. नवरा हसून म्हणायचा, "मला तर हे लेकरू कधी रडताना दिसत नाही. तुम्ही दोघी मिळून काहीतरी सांगता." मला असा संताप यायचा. दोन शब्द धड बोलले नाही मी त्याच्याशी. आणि त्या रविवारकडे नीट बघायचं मात्र मला सुचलं नाही.

पंधरा-वीस दिवस असे गेल्यावर माझं डोकं फिरलं. वर्गात मुलं पाढे म्हणायची आणि मला तिचं रडणं ऐकू यायचं. आमच्या शेजारच्या वस्तीवर एक म्हातारी होती. ती लेकरांच्या पोटावर बिब्ब्यानं डाग द्यायची. बिब्बा दाभणात टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की पोटाला टेकवायचा. मीच म्हटलं, बोलावू या तिला.

आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. म्हणाल्या, "न्हाई. माझ्या थोरल्याला डागला हुता. जखम चिघळली. नवव्या दिशी गेला. तवापास्नं म्या कुणाच्या लेकराला बिब्बा लावू देत न्हाई."

ते मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या आधी एक मूल गेलं होतं एवढंच कानावर होतं. कुणाही माणसानं तिथं जीभ आवरली असती. मी म्हटलं, "आत्याबाई, तेव्हाचे दिवस वेगळे होते. मी औषध लावीन, स्वच्छ ठेवीन. मी शिकलेली आहे." हे शेवटचं वाक्य आजही आठवलं की माझे कान तापतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येतानाच म्हातारीला सोबत घेऊन आले. आत्याबाई उठून भिंतीकडे तोंड करून बसल्या. पोरीचे दोन्ही पाय मी धरले. मऊ, गार पाय होते. म्हातारीनं दोनदा बिब्बा टेकवला. पहिल्यांदा पोरीचा आवाजच फुटला नाही, नुसतं तोंड उघडं. मग जी किंचाळली, ती माझ्या अंगावर झोपली तेव्हाच गप झाली. मला वाटलं, गुण आला.

तिसऱ्या दिवशी फोड फुटला. भोवती लाल झालं, अंगात कणकण आली. मी आठवड्याची रजा टाकली. त्या आठ दिवसांत आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. जखमेकडे बघायच्या आणि बोटांवर दिवस मोजायच्या. सहावा, सातवा. मी पोरीला मांडीवरून खाली ठेवली नाही. मागेल तेव्हा पाजली, उरलेला वेळ खांद्यावर घेऊन फिरले. नववा दिवस उलटला तेव्हा आत्याबाई गोठ्यात जाऊन रडल्या. मी दारातून बघितलं आणि मागे फिरले. त्यांच्यापुढे उभं राहायला मला तोंड नव्हतं.

गंमत अशी की त्या आठवड्यात तिचं पोट एकदाही दुखलं नाही. जखमेनं कुरकुरायची, पण ते पाय ओढून किंचाळणं नाही. मी मनात म्हटलं, बिब्ब्यानं काम केलं. शाळेत रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी ते रडणं परत सुरू.

गावात फिरतीवर येणारी नर्सबाई जखमेची पट्टी बदलायला दोन दिवसांनी दुपारची आली. मी नुकतीच पोचून ओट्यावर बसले होते, पोरगी समोर आकांत करत होती. नर्सबाईनं विचारलं, "काय चाललंय? लेकराला घेत का नाही?" मी उन्हाच्या दुधाचं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, दूध उन्हाचं बिन्हाचं काही नसतं. रडून रडून ती वारा गिळती. मग भुकेनं गटागटा पिती, त्याच्याबरोबर आणखी गिळती. वर तुम्ही तशीच आडवी टाकता. आल्याबरोबर घ्या. पाजून झालं की खांद्यावर टाका, ढेकर निघेस्तोवर पाठ थोपटा. एवढंच."

एवढंच. आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून निघाले, तर निम्म्या वाटेवर कडुनिंबाखाली त्या पोरीला घेऊन बसलेल्या. पदर पुढे करून तिला सावली धरलेली. माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी तशीच ती माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "घे." पुढे परीक्षा होईपर्यंत रोज त्या तिथं येऊन बसत. आठवडाभरात पोरीचं रडणं गेलं.

माझ्या रजेच्या आठवड्यातल्या शनिवारी नवरा आला होता. त्यानं दुपटं बाजूला केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे कुणी केलं?" आत्याबाई म्हणाल्या, "म्या केलं. काय बोलायचं ते मला बोल." तो आईला नको नको ते बोलला. मी उभी होते. नंतर बोलेन, उद्या बोलेन, असं म्हणता म्हणता आयुष्य गेलं. त्यांनीही खरं कधी कुणाला सांगितलं नाही.

आत्याबाई गेल्या त्यानंतर चार वर्षांनी मुलगी बाळंतपणाला माझ्याकडे आली. तिचं बाळ दोन महिन्यांचं झालं आणि संध्याकाळचं पाय ओढायला लागलं. मी त्याला मांडीवर घेऊन बेंबीभोवती हिंग लावत होते. मुलगी म्हणाली, "हिंग लाव, पण आजीनं केलं तसलं काही करू नकोस."

मी म्हटलं, "आजीनं नाही केलं. मी केलं. तुझे पाय मी धरले होते. ती नको म्हणत होती."

ती म्हणाली, "बारा वर्षांची असताना मी आजीला म्हटलं होतं, ज्या हातानं मला डागलंस त्या हातचं मला जेवायला नको. तू तिथंच भाकरी थापत होतीस ना?"

"होते."

"ती काय म्हणाली आठवतंय? बरं म्हणाली. आणि ताट खाली ठेवून बाहेर गेली."

तिनं माझ्या मांडीवरून बाळ उचललं, खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटत खोलीभर फिरू लागली. थोड्या वेळानं त्याला ढेकर आला आणि ते शांत झालं. मी हात पुढे केले. तिनं ते दिलं नाही.