लुगड्यांच्या झोळीतून नेलेला पाईप

आमचा ट्रॅक्टर गावात शिरला की आधी कुत्री पळायची आणि मग बायका दारं लावून घ्यायच्या. त्यात त्यांची चूक नव्हती. ट्रॅक्टरच्या मागे हवा दाबणारा कॉम्प्रेसर, त्याला जाडजूड रबरी पाईप आणि पाईपाच्या टोकाला ब्रेकर, म्हणजे दोन्ही हातांनी धरून दगड फोडायचं यंत्र. हे सगळं एकदम सुरू झालं की समोरच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे.

घर आमचं रोह्यात. नव्वदीच्या सुरुवातीला रोह्याच्या पुढे रेल्वेची नवी लाईन पडत होती, धाटावला कंपन्यांच्या शेड उठत होत्या. दगड फोडणाऱ्याला कामाची ददात नव्हती. मोकळ्या माळावर मशीन लावायची, दिवसभर धडाधड फोडायचं आणि कान बधिर करून घरी यायचं. माझा आवाज त्या दिवसांत इतका चढला होता की बायको म्हणायची, तुम्ही जेवायला वाढ म्हणालात की शेजारीण ताट घेते.

लोकांच्या अंगणातली कामं मात्र मी टाळायचो. मशीन आत न्यायला गेलं की कुणाचं कौल फुटतं, कुणाचा तुळशीचा कट्टा खचतो, कुणाची न्हाणीची भिंत तडकते, आणि मग ज्यांनी पाया पडून बोलावलेलं असतं तेच अंगावर येतात. माझं डोकं आधीच तापट. दोनचार ठिकाणी हमरीतुमरी झाल्यावर मी ठरवूनच टाकलं होतं, की घरगुती काम घ्यायचं नाही.

तरी चैत्रात एक मूर्तिकार मला शोधत रोह्याला आला. पेणजवळच्या जोह्याचा. घरामागे संडासाचा खड्डा खणायला घेतला होता, गुडघाभर खणल्यावर काळा दगड लागला. पहारीची टोकं वाकली तरी दगडाचा टवका उडेना, आणि सुरुंग लावायची सोय नाही, कारण घर मूर्तींनी भरलेलं. “तुम्ही नुसतं येऊन बघा,” तो म्हणाला. नुसतं बघायला काय जातंय, म्हणून मी गेलो.

बघितलं आणि हात वर केले. पुढे रस्ता, रस्त्याला लागून त्याचा कारखाना. कारखाना म्हणजे लांबलचक पडवीच, तिच्यात गणपतीच गणपती. जमिनीवर, फळ्यांवर, खिडकीत, माळ्यावर. काही कच्चे, काही रंगात, पाय ठेवायला जागा नाही. त्यामागे राहायच्या खोल्या आणि त्यामागे परस. एका बाजूला शेजाऱ्याची भिंत घराला चिकटलेली. दुसऱ्या बाजूच्या बोळात चुलत्याच्या मूर्ती सुकत होत्या. मागच्या शेतातून वळसा घालावा तर पाईप पुरत नव्हता, आणि पाईपाला पाईप जोडत गेलं की हवेचा जोर उतरतो. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा करून पाईप सरळ कारखान्यातून नेणं, एवढी एकच वाट होती. त्यात हवा भरल्यावर पाईप ताठ होतो, झटका देतो. एका झटक्यात अख्खी रांग आडवी झाली असती.

“आपल्याच्यानं नाही व्हायचं,” मी म्हणालो. “खड्डा दुसरीकडे घ्या.”

मूर्तिकार वाकलेली पहार उचलून ठेवायला वळला. त्याची बायको मला पाणी घेऊन आली. नवरा जरा पुढे गेल्यावर ती पदर सावरत हळूच म्हणाली, “भाऊ, दुसरीकडं नाय चालायचं. आईच्या खोलीला लागूनच पायजे. आईनं पाणी टाकलंय.”

मला कळलं नाही. तेव्हा तिनं सांगितलं. सासू मागच्या पावसाळ्यात पहाटे शेताकडे जाताना बांधावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. पेणला ऑपरेशन झालं, पण आता भिंतीला धरून चार पावलं टाकते, तेवढंच. प्रत्येक वेळी मुलानं आणि सुनेनं उचलून मागच्या झावळ्यांच्या झापाआड न्यायचं. म्हातारीला त्याची इतकी लाज, की तिनं पाणी पिणंच सोडलं. सकाळी चहाचा घोट, जेवताना घोटभर. भातावर आमटीसुद्धा घेत नाही. “डाक्टर म्हनतो, असंच चाललं तर ही जगायची नाय. आम्ही ओरडून ओरडून दमलो.”

माझ्या हातात पाण्याचा भरलेला पेला होता. तो पिववेना आणि खाली ठेववेना.

मी आत जाऊन म्हातारीला भेटलो. मागच्या भिंतीला लागून खाट, उशाशी खिडकी. मांडीवर पाट, पाटावर हातभर उंचीची मूर्ती, आणि म्हातारी तिचे डोळे आखत होती. साऱ्या घरात डोळ्यांची आखणी तिचीच. ओठ सुकून पापुद्रे आलेले, पण हात असा स्थिर, की मी दारातच थांबलो. आखणी पूर्ण होईपर्यंत तिनं वर पाहिलं नाही. मग म्हणाली, “मशीनवाला तू? जा बाबा घरी. माज्या मेलीच्या सोयीसाठी देवांना कशाला हाल?”

“देवांना काही होणार नाही, आजी,” मी म्हणालो. मी असं का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. दोन मिनिटांपूर्वी मी काम नाकारून बसलो होतो.

बाहेर येऊन मी कारखान्यात नुसता उभा राहिलो. एका कोपऱ्यात वाशाला झोळी बांधलेली होती, तिच्यात सुनेचं तान्हं झोपलेलं. खाली गणपतींची दाटी आणि वर झोळी आरामात झुलतेय, कुणाला धक्का नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो आणि मग एकदम ओरडलो, “अहो, पाईपही असाच न्यायचा!” पोर दचकून उठलं आणि भोकाड पसरलं. सून धावत आली. माझ्या आवाजाचा पहिला प्रसाद त्या घराला असा मिळाला.

दोन दिवसांनी मी ट्रॅक्टरवाल्याला आणि मशीनला घेऊन परत आलो. झोळ्यांना दणकट कापड हवं होतं. साड्या आजकालच्या गुळगुळीत. तेव्हा म्हातारीनं आतून विचारलं, काय शोधताय. सुनेनं सांगितल्यावर म्हणाली, “पेटीत माजी लुगडी हायत ती घे गो. आता कुठं नेसतेय मी नऊवारी?” सून पेटीपाशी घुटमळली. म्हातारीनं पुन्हा सांगितल्यावर तिनं एकेक लुगडं काढलं. हिरवं, जांभळं, काठाला विरलेलं. वाशावाशाला ती बांधली आणि त्यांच्यातून पाईप पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत गणपतींच्या डोक्यावरून गेला. प्रत्येक झोळीपाशी एक माणूस, हवा सोडताना पाईप धरायला. माळ्यावरच्या आणि फळ्यांवरच्या मूर्ती खाली उतरवून भाताच्या पेंढ्यात बसवल्या, म्हणजे हादरा बसला तरी पडायला नकोत.

राहिला ब्रेकर. चांगला वजनदार गडी, खांद्यावर घेऊन मूर्तींमधून चालायचं म्हणजे जोखीमच. कारखान्यातले कारागीर म्हणाले, आम्ही नेतो. त्यांनी मूर्ती न्यायचा पाट आणला, त्यावर पेंढा पसरला, पेंढ्यावर माझा तेलकट ब्रेकर ठेवला आणि दोघांनी पाट उचलला. एक पुढे, एक मागे, पावलाला पाऊल जुळवून, श्वास रोखून. त्यांना उचलायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. पाट उचलताच सवयीनं एकजण ओरडला, “गणपती बाप्पा!” आणि सगळा कारखाना म्हणाला, “मोरया!”

“अरे, लोखंड आहे ते!” मी म्हणालो. पण ते हसले नाहीत की थांबले नाहीत. लोखंड मोठ्या मानानं मागच्या दारी पोचलं. माझ्या मशीनला तेवढी इज्जत कुणी आधी दिली नव्हती आणि नंतरही नाही.

मग धूळ. दगडाची पांढरी भुकटी ओल्या रंगावर बसली तर महिन्याची मेहनत वाया. घरातली चादर, टॉवेल, पंचा, जे सापडेल ते मूर्तींवर घातलं. कापड संपल्यावर उरलेल्यांची निदान तोंडं झाका म्हणून रुमाल आणि चिंध्या बांधल्या. देवाच्या डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून सगळे असे काळजीनं वावरत होते की बघून बरं वाटलं. मी स्वतः दोनदा फेरी मारली. एकही मूर्ती उघडी राहिली नव्हती.

मी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. हवा आली, झोळ्यांना हिसका बसला, माणसांनी पाईप घट्ट धरला आणि एकही गणपती हलला नाही. मी परसात जाऊन ब्रेकर दगडावर टेकवला आणि दाबला. घर थरथरलं. पहिला टवका निघेपर्यंत मी थांबलो नाही. मग हवा बंद करायला लावून मूर्ती बघायला आत गेलो.

मूर्ती ठीक होत्या. पेंढ्यात गप्प बसल्या होत्या. मी खूश होऊन पुढे वळलो आणि मधल्या दारातून मागची खोली दिसली.

म्हातारी खाटेवर होती. खड्डा तिच्यासाठी, म्हणून तिच्या भिंतीला लागून. म्हणजे साऱ्या घरात त्या ब्रेकरच्या सगळ्यात जवळ तीच. खिडकी सताड उघडी. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. सकाळी आखलेली मूर्ती अजून ओली होती, ती तिनं मांडीत घेऊन तिच्यावर आपला पदर धरला होता आणि स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले होते. आम्ही सगळ्यांना झाकलं होतं, आणि जिच्यासाठी हा खटाटोप तिला विसरलो होतो.

मूर्तिकार धावत आला आणि हातानं तिच्या तोंडावरची भुकटी पुसू लागला. “आये, हाक तरी मारायचीस!”

“मारली की. तुमच्या त्या भुतापुढं ऐकू कुनाला जातंय?” ती खोकली. मी धावत तांब्या आणला आणि तिच्यापुढे धरला. तिनं घशाकडे हात नेला, तांब्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “नको. चूळ भरते नुसती.”

तोंडात दगडाची भुकटी गेलेलं माणूस चूळ भरून पाणी थुंकून टाकतं, एक थेंब गिळत नाही. मला रडू आलं. एरवी मी चिडलो असतो, पण चिडायला कुणी सापडेना.

तिला शेजारच्या ओटीवर न्यायचं ठरलं. मुलगा उचलायला गेला तर तिनं अंग चोरलं. इतक्या माणसांसमोर तिला तसं जायचं नव्हतं. तेव्हा त्याच कारागिरांनी तोच पाट आणला, नवा पेंढा घातला, वर गोधडी. तिला बसवलं. एक पुढे, एक मागे, पावलाला पाऊल जुळवून, तिच्याच लुगड्यांच्या झोळ्यांखालून, तोंड झाकलेल्या गणपतींमधून ते तिला घेऊन चालले. कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं. अर्ध्या वाटेत तीच म्हणाली, “मेल्यांनो, लोखंडाला मोरया म्हनता, मला नाय म्हनत?”

मग जो मोरया झाला तो रस्त्यावर ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू गेला. म्हातारी पदराआड हसत होती. मांडीतली मूर्ती तिनं सोडली नव्हती.

दगड पुढे काही दिवस पुरला. रोज सकाळी आधी म्हातारी पाटावरून बाहेर जायची आणि मग हवा सोडायची, असा नियमच झाला. एकही मूर्ती फुटली नाही, एकही कौल सरकलं नाही. खड्डा पूर्ण झाल्यावर झोळ्या सोडल्या, सुनेनं लुगडी धुऊन वाळत घातली आणि मी मशीन घेऊन रोह्याला परतलो.

काम झालं की मी त्या दारी पुन्हा जायचो नाही. पण पावसाच्या तोंडावर पेणला जाणं झालं आणि माझी पावलं जोह्याच्या गाडीकडे वळली. पाईपाचा एक चिमटा तिथे राहिलाय, असं मी स्वतःलाच सांगितलं. कारखान्यातले बरेचसे गणपती रंगून तयार होते. म्हातारी मागच्या खोलीत खाटेवर, मांडीवर पाट. पण आता उशाशी खिडकीजवळ संडासाचं नवं दार होतं आणि दाराला कडी आतून होती. दारापर्यंत भिंतीला बांबू ठोकलेला, धरून जायला.

“बस,” तिनं मला म्हटलं. सून माझ्यासाठी पाण्याचा पेला घेऊन आली. मी हात पुढे करायच्या आत म्हातारीनं तो घेतला, तोंडाला लावला आणि मान मागे टाकून सगळा रिकामा केला. तोंड पदरानं पुसलं. पेला सुनेपुढे धरला.

“आनखी आन गो. आनि याला पन आन.”

सून पेला घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आतून भांड्याचा आवाज नाही, पाण्याचा आवाज नाही. मला कळलं ती का थांबलीये. म्हातारीनं कुंचला रंगात बुडवला आणि मला म्हणाली, “बघ, येवढ्या पान्याला किती येळ लावते.”